जावईबापूंचे खोटे मेल

४ मार्च

नापास! साठी उलटल्यावर नापास!

सकाळी बँकेचा मेल आला. वर बँकेची खूण, खाली साहेबांची सही, भाषा अगदी साखरेत घोळलेली. "आपल्या खात्याची माहिती अपुरी आहे, खालच्या लिंकवर जाऊन पूर्ण करावी." मी नीट निरखून पाहिला. म्हटलं, आपण आयुष्यभर दातांच्या कवळ्या केल्या, खोटं खरं दिसावं हाच आपला धंदा, आपल्याला कोण फसवणार? ठेवलं बोट. तर पडद्यावर अक्षरं — "आई, हा मेल मीच केला होता. रागावू नका."

जावई! बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहेत ते. म्हणून काय सासूवरच प्रयोग?

संध्याकाळी लेकीचा फोन. "बघ, मी म्हणत नव्हते? तुझं खातं आता मी सांभाळते. लागतील तसे पैसे माग माझ्याकडे." माग म्हणे! माझी कमाई, माझं खातं, आणि हात पसरायचा पोटच्या पोरीपुढे? शेजारचे चष्मेवाले असल्याच एका मेलने बुडाले, तेव्हापासून हिने हा धोशा लावलाय. मी म्हटलं, जीव गेला तरी नाही. मग मागून जावयांचा आवाज आला. "तीन महिने बघू या. मी मधूनमधून खोटे मेल पाठवीन. एकदाही फसल्या नाहीत तर खातं त्यांच्याकडेच." "आणि फसली तर?" — लेक. "तर तुझ्याकडे."

लेकीच्या लग्नाला सात वर्षं झाली. हा माणूस माझ्या कानावर पडेल असं इतकं सलग पहिल्यांदाच बोलला. एरवी "बऱ्या आहात ना?" आणि "निघतो." संपलं.

५ मार्च

जावयांनी फोनवर नियम सांगितले. मेलमधल्या लिंकवर जायचंच नाही, मग तो कुणाचाही असो. बँकेत जायचं तर आपल्या वाटेने, पत्ता स्वतः टाकून. फोन करायचा तर कार्डाच्या पाठीवरच्या नंबरावर. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही — "मलासुद्धा नाही, आई." आणि काही आलं की आधी त्यांना फोन.

मी म्हटलं, आता बघितल्याबरोबर ओळखीन की. तर म्हणाले, "बघून ओळखायला जाऊच नका. चांगला केलेला असला तर मलाही नाही ओळखता येत."

फोन ठेवल्यावर झोंबलं जरा. मग कामाला बसले आणि हसू आलं. माझी कवळी तरी कुठे कुणाला ओळखू येते? पुढचा एक दात मी मुद्दाम किंचित तिरका बसवते, खरा वाटावा म्हणून. हे चोर माझेच व्यवसायबंधू.

११ मार्च

आला! मोठं बक्षीस लागलंय म्हणे. हे तर आंधळ्यालाही कळावं. लगेच फोन केला — "पकडलं, जावईबापू!" आधी "काय पकडलं?" म्हणाले, मग हसले. हसता येतं तर यांना! म्हणाले, "शाब्बास. तो मला पुढे पाठवा आणि मग तुमच्याकडचा काढून टाका." गुण द्यायला हवा असेल.

२३ मार्च

आज विजेचं बिल थकल्याचा मेल, संध्याकाळी वीज तोडणार म्हणे. बिल मी गेल्याच आठवड्यात भरलंय. केला फोन. "शाब्बास." मग ठेवतील वाटलं, तर विचारत बसले, कवळी आधी मेणाची का करतात? कितीतरी वेळ सांगत होते मी. शेवटी हळूच म्हणाले, "माझी एक दाढ ठणकतेय, घरी सांगितलं नाही." मी चांगलीच खरडपट्टी काढली. "उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा, नाहीतर लेकीला सांगते." बरं म्हणाले. लहान मुलासारखं.

२ एप्रिल

आणखी एक मेल. आणखी एक फोन. बोलता बोलता भाजी करपली, पण जावयांची दाढ वाचलीय.

९ एप्रिल

बँकेतून एका बाईंचा फोन, कार्डाची मुदत संपतेय म्हणून. मी म्हटलं, बाई, तुमचा आवाज गोड आहे, पण मी स्वतःच येते. गेले. तर त्या खऱ्याच! लाकडी टेबलामागे बसल्या होत्या. मी ओशाळले. त्या म्हणाल्या, "मावशी, सगळे तुमच्यासारखे असते तर आमचं अर्धं काम वाचलं असतं." दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून प्यायचं, त्यात लाज कसली. नवं कार्ड छान निळं आहे.

२४ एप्रिल

आज बुडालेच होते.

समोर एक म्हातारे मास्तर बोळक्या तोंडाने बसलेले, उद्या त्यांचं कुठेतरी भाषण. माझ्या हातात गरम मेण. आणि मेल आला — खात्यातून सगळी रक्कम काढली जात आहे. वाचते तोच फोन. "बँकेतून बोलतोय. पैसे थांबवायचेत ना? कार्डाचा नंबर सांगा, लवकर." नियम, वाट, पाठीवरचा नंबर, काही काही आठवेना. कार्ड काढलं. पहिले चार आकडे वाचलेसुद्धा!

तेवढ्यात तो म्हणाला, "सगळे सांगा, सावकाश सांगा" — आणि प्रत्येक "स"ला शीळ! वरचा पुढचा दात गायब, शंकाच नको. इतकी वर्षं हेच ऐकत आलेय मी. कान तिकडे गेला आणि डोकं ताळ्यावर आलं. अस्सं! जावयांनी दोस्ताला बसवलंय तर फोनवर! म्हटलं, "अहो, आधी तुमचा दात बघा. वरचा, पुढचा. कधी पडला? जावयांचे दोस्त तुम्ही, या, फुकट बसवून देते." तिकडून फोन बंद. मास्तर बोळक्या तोंडाने खो खो हसत होते.

जावयांना फोन केला. "या खेपेला कमाल केलीत हो! पण चार आकडे गेले माझ्या तोंडून. नापास का?" त्यांनी विचारलं, "पुढचे नाही ना दिलेत?" नाही म्हटलं. "मग पास. मेल पाठवा. आणि ज्या नंबरावरून फोन आला तोही." मी म्हटलं, दोस्ताला माझा निरोप द्या दाताचा. "देतो," म्हणाले.

संध्याकाळी स्वतःच आले! एकटे, न कळवता. शेजारी बसून माझ्याकडून पासवर्ड बदलून घेतला. मी टाकत असताना तोंड खिडकीकडे करून बसले. अधूनमधून बदलावा म्हणे. मग जेवले, दोनदा मागून घेतलं. इतकं बरं वाटलं. घरात ताटं दोन मांडली की जेवण जेवणासारखं लागतं.

१८ मे

मेल. फोन. बोलत होतो तर लेक मधे येऊन म्हणाली, "आई, माझ्या नवऱ्याशी तू माझ्यापेक्षा जास्त बोलतेस." बोलते. बोलणार.

४ जून

पास! लेकीने हात जोडले. "जिंकलीस बाई. तुझं खातं तुला लखलाभ." मी स्वतःच्या पैशांनी स्वतःला कामाची नवी खुर्ची मागवली — बँकेचा पत्ता स्वतः टाकून. पाठ काय मऊ आहे तिची! फक्त आता मेल येणार नाहीत, या विचाराने उगीच चुटपुट लागलीय.

५ जून

न राहवून जावयांना फोन केला. म्हटलं, खोटे मेल चालू ठेवा हो, मला सवय झालीय. तर म्हणाले, "आई, मी एकच पाठवला होता. तुम्ही फसलात तो." बाकीचे सगळे खऱ्या चोरांचे. बक्षीस, वीज, सगळे. तो शीळवालाही! मी नव्या खुर्चीत मटकन बसले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"खरे चोर मागे लागलेत कळलं असतं तर हिने खातं काढून घेतलं असतं," म्हणाले. मग हळूच, "आणि तुमचा फोन यायचा."