उसातला नाकतोडा

शुक्रवार, सणसर

सहा वर्षं पाळलेला माझा कोळी आज गेला. आठही पाय पोटाखाली आवळून पडलेला. बाहेरचा किडा त्याला द्यायचा नाही, हा माझाच नियम. त्याच्या खाण्यासाठी मी घरी झुरळं वाढवतो. मग काल मेहुण्याला शिकार दाखवायच्या हौसेपायी शेजारच्या तात्यांच्या उसातला मोठा नाकतोडा का धरून आणला?

तात्या म्हणाले, "परवाच औषध मारलंय की उसाला! इचारायचं तरी."

मी कुणाला कधी विचारतो? सगळं आपलं आपण शिकलेलो ना!

ते पाय चिमट्यानं हलकेच उलगडून पाहिले. काहीच हालचाल नाही.

आत्ताच मेहुण्याचा फोन आला. "दाजी, काय म्हणतोय तुमचा वाघ?"

"झोपलाय," म्हणालो.