डाव्या हाताचा पीळ

प्रिय प्रेमराज,

तुझ्या आईचे, बेबाबाईंचे गुडघे कसे आहेत? कोवळ्या उन्हात ओट्यावर बसवत जा त्यांना. दिपमालाच्या उलट्या थांबल्या का? तिला आंबट मागेल ते दे, हात आखडू नकोस. धाकटी रूपा कॉलेजात रुळली ना? आणि तू? तुझे हात बरे आहेत ना? हसू नकोस, हल्ली आमच्या घरी आधी हातांचीच विचारपूस होते.

आमची ही, तुमची भिकुअक्का, ठणठणीत. रोज माझ्यामागे टुमणं, "प्रेमराजले लिखा, जेवाले ये म्हना. दवाखानामा उना व्हता, उपाशीच गया पोरगा." हेमांगीच्या मोनालीला खरचटलंसुद्धा नाही, पण हॉर्न वाजला की अजून आईच्या पदरात शिरते. हेमांगीच्या हातांची पट्टी सुटली. कातडी आली, पण बोटं वळत नाहीत. तुझ्या लग्नात दिपमालाच्या कोपरापर्यंत मेंदी काढली ती याच बोटांनी. आता मोनाली तिला घास भरवते आणि माझी लेक हसते, म्हणते, "नाना, मी पुन्हा लहान झाले."

गाडीचं तुला अर्धंच माहीत असेल. बोदवडला जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडून हेमांगीने ती हौसेने घेतली. मायलेकी जळगावहून धुळ्याला निघाल्या. पारोळ्याच्या अलीकडे तिने हेडलाइट लावले तर वायपर फिरायला लागले, मग डॅशबोर्डखालून धूर आणि धुरामागून जाळ. मोनालीचा पट्टा सुटेना. तो सुटेपर्यंत हेमांगीने हात मागे घेतले नाहीत.

सांगाडा मी अंगणात आणून ठेवला. लोक म्हणाले, नाना, भंगारात द्या. मी टेस्ट लॅम्प घेऊन बसलो. बॅटरीपासून एकेक वायर चाचपत गेलो, भाजीतला खडा शोधावा तसा. फ्यूजच्या जागी तांब्याची तार कोंबलेली. पुढे पायाशी, जिथे आग पोचली नव्हती, तिथे जळायचा राहिलेला एक जॉइंट सापडला. डाख नाही, टेप नाही. नुसता वायरींना पीळ, आणि वर ग्रीसने माखलेला लाल दोरा.

गाडीला नजर लागू नये म्हणून काम झाल्यावर वायरींच्या जुडग्याला लाल दोरा बांधायचा, ही भिकुअक्काची पद्धत. धुळ्यात आपल्या गॅरेजाशिवाय दुसरीकडे कुठे नाही. पण आपण तो टेपवर बांधायचो, टेपऐवजी नाही. ग्रीस प्यालेलं सूत म्हणजे वातच की रे. आणि पीळ उलटा. माझ्याकडे शिकून गेलेल्यांत डावखुरा तू एकटा.

तरी मनाला म्हटलं, गाडी तुझ्या हातून बोदवडला गेली, तिथून कुणाच्या दारात जाईल हे त्या पोराला काय ठाऊक? घाई झाली असेल. एवढ्यावर मी गिळून टाकलं असतं. पण तू भेटायला आलास तो दिवस आठव. आधी घरी आलास, अंगणात गाडी पाहिलीस, नंबर वाचलास आणि चहा अर्धाच ठेवून उठलास. तासाभराने दवाखान्यात हेमांगीच्या उशाशी बसून म्हणालास, "ज्याने हे वायरिंग केलं त्याचे हात झडोत, ताई." तिने तुझी समजूत घातली. म्हणाली, कुणाला असं बोलू नये, भाऊ. तू मान हलवलीस आणि तिच्यासाठी आणलेली बिस्किटांची पुडी फोडून मोनालीला दिलीस.

मी घरात कुणाला काही सांगितलेलं नाही. राखी जवळ आली. दरवर्षीसारखी तुलाच बांधायचा हेमांगीचा हट्ट आहे. दाराच्या कडीला दोरा अडकवून दातांनी गाठ मारायचा सराव करते, सुटली की पुन्हा मारते. यंदाची राखी मी वळून ठेवली आहे. जॉइंटवरून उतरवलेला तोच दोरा, धुऊन. काळा डाग काही गेला नाही. तिला वाटतं, नानांनी बाजारातून आणली. तू मनगट पुढे करशील, ती दात लावेल. त्याआधी तोंड उघडायचं की गाठ पक्की होऊ द्यायची, ते तुझं तू बघ. मी समोर बसलेला असेन. अक्का खापरावरचे मांडे करणार आहे. चाळीसगावहून कुठल्या गाडीने निघतोस ते उलट टपाली कळव, ताई वाट बघते आहे.

तुझाच,
निंबानाना