बेल, वेळ, कारण

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. सेक्शन हेडची जागा दुसऱ्याला गेली ती गेली. साहेब म्हणाले की तुमचं काम चोख आहे, पण माणसं कळत नाहीत तुम्हाला. मला! बावीस वर्षं माणसांच्याच फायली हाताळतोय. असो. मानसशास्त्राचा सहा महिन्यांचा ऑनलाइन डिप्लोमा लावलाय. पुस्तक सातशे पानांचं. व्हिजिटिंग कार्डं आधीच छापून घेतली: 'समुपदेशक'. शंभर. डिप्लोमाला अजून अवकाश आहे, पण छापखानेवाला शंभराच्या खाली घेत नाही.

३ सप्टेंबर
पाव्हलॉव्ह वाचला. कुत्र्याला खाणं द्यायच्या आधी दर वेळी आवाज करायचा. काही दिवसांनी खाणं नसलं तरी नुसत्या आवाजाने लाळ. वाचताना चमकलोच, कारण आमच्या घरात हेच चाललंय. मार्चमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. तेव्हापासून मागच्या खोलीत पडून असतात. डाव्या हाताशी बिनतारी बेलचं बटण दिलंय. ते दाबलं की बटणावर लाल दिवा लागतो आणि हॉलमधला डबा टिंगटाँग करतो. टिंगटाँग झालं की आमची ही हातातलं टाकून धावते. हे सगळं मी हिला पाव्हलॉव्हच्या भाषेत समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मी कुत्रं. मी म्हटलं, शास्त्रात असं वैयक्तिक घ्यायचं नसतं.

५ सप्टेंबर, गुरुवार
प्रोजेक्टचा विषय मिळाला. कोर्सच्या मॅडमना घरातल्या एका सवयीत घडवलेला बदल हवाय, मोजमापासकट. मुदत ३० तारीख. विषय: बाबांची बेल. वहीत तीन रकाने आखले: बेल, वेळ, कारण. रजा टाकून दिवसभर मोजलं. एक्केचाळीस वेळा. पाणी ६, लघवीचं भांडं ७, कूस बदलणं ५. उरलेल्या तेवीस वेळा काहीच नको होतं. एकदा मुद्दाम विचारलं, मग बेल का दाबलीत? बराच वेळ तोंडाची जुळवाजुळव करून म्हणाले, बस जरा. बसलो. चार मिनिटं. एक शब्द बोलले नाहीत. कारणाच्या रकान्यात लिहिलं: विनाकारण.

८ सप्टेंबर, रविवार
स्किनर. याला म्हणतात डोकं. उंदीर दांडी दाबतो, दाणा मिळतो, म्हणून पुन्हा दाबतो. दाणा बंद केला की हळूहळू दाबणं बंद. बाबांचा दाणा म्हणजे आपण. आपण जातो, म्हणून ते दाबतात. इतकं सोपं आहे आणि सहा महिने कोणाच्या लक्षात आलं नाही.
नियम ठरला. आठ, एक, पाच आणि नऊ वाजता खोलीत जायचं, सगळं नीट करायचं. मधल्या वेळात बेल वाजली तरी कोणी उठायचं नाही.
मॅडमच्या सूचनांत आहे की माणसांवर प्रयोग असेल तर आधी आम्हाला विचारा आणि त्या माणसाची संमती घ्या. मॅडमना विचारण्यात आठवडा जाईल. संमती घेतली. बाबांना अर्धा तास समजावलं. त्यांनी मान हलवली. उभी की आडवी, हे अशा पेशंटच्या बाबतीत खात्रीने सांगता येत नाही.

१० सप्टेंबर
कालची बेल एकदम अकरावर आली (ऑफिसच्या वेळेतली नोंद ही करते). सकाळी खूश होतो. दुपारी ऑफिसातून लवकर आलो तर ही बाबांच्या खोलीत भाजी निवडत बसलेली. कालही तिथेच बसली होती म्हणे. म्हणजे दोन दिवसांचे आकडे कचऱ्यात. डोक्याला हात लावला.
बाबा हिची जुनी शाल मुठीत धरून झोपतात, हेही आज दिसलं. हार्लोच्या माकडांची पिल्लं अशीच. दूध देणाऱ्या तारेच्या आईला सोडून मऊ कापडाच्या आईला बिलगायची. फार सुंदर उदाहरण. फोटो काढला. मग शाल काढून कपाटात ठेवली, कारण अशा गोष्टींनी निष्कर्षात गोंधळ होतो.

१२ सप्टेंबर
हिला मिलग्राम सांगितला. साधी सज्जन माणसं, पण कोट घातलेला कोणीतरी 'प्रयोग चालू ठेवा' म्हणतो म्हणून पलीकडच्या माणसाला शॉक देत राहतात. ती म्हणाली, पण त्यात शॉक खोटे होते ना, कोणाला काही होत नव्हतं? माझं पुस्तक वाचते आहे वाटतं. मी म्हटलं, हो, खोटे होते. ती म्हणाली, तुमचे खरे आहेत.
मुद्दा काय, तो तिला कळला नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ही दहा दिवसांसाठी माहेरी गेली. जायला तयारच नव्हती. मी म्हटलं, माझे वडील आहेत, मी बघणार नाही तर कोण बघणार? ऑफिसातून रजा घेतलीय. निघताना दारात तीनदा मागे फिरली. फ्रिजवर यादी चिकटवून गेली, चौदा कलमं. वाचली नाही. याद्या करणं हा तिच्या काळजीवरचा घरगुती उपाय आहे, तो तिला करू द्यावा.
देवाने दिलेली संधी. घरात फक्त प्रयोग करणारा आणि प्रयोग.

१६ सप्टेंबर
बेल ५२. पुस्तकात आहे, दाणा बंद झाला की सुरुवातीला उंदीर जास्तच जोराने दाबतो. घाबरायचं नाही. उलट हे यशाचं लक्षण.

१७ सप्टेंबर
बेल ६१. दुपारी अडीचला सलग अकरा मिनिटं. खरं सांगतो, उठलो होतो. दारापर्यंत गेलो. पण या क्षणी गेलं तर आजवरची मेहनत मातीत, कारण मग उंदीर शिकतो की अकरा मिनिटं दाबलं की दाणा मिळतो. परत येऊन खुर्चीत बसलो. पाचला गेलो तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून होते. चादर बदलली.

१८ सप्टेंबर
बेल ३०. उतार लागला.

१९ सप्टेंबर
बेल ४. चारही सकाळी. मॅडमना एका ओळीचा मेसेज पाठवला: अनपेक्षित वेगाने प्रगती.

२० सप्टेंबर, शुक्रवार
शून्य.
दिवसभर हॉलमध्ये बसून होतो. शून्य. घर इतकं शांत की घड्याळ ऐकू येतं. माणसं कळत नाहीत म्हणे. साहेबांना एक कार्ड द्यावं म्हणतो.

२१ सप्टेंबर
शून्य. अहवाल लिहून काढला, नऊ पानं, आलेखासकट. आलेखाची रेघ ६१ वरून अशी झोकात खाली येते की बघत राहावं. मुदतीच्या नऊ दिवस आधीच पाठवून दिला. ताईचा (माझी मोठी बहीण) फोन आला. बाबा कसे आहेत? म्हटलं, एकदम शांत. ती म्हणाली, बरं वाटलं ऐकून.

२२ सप्टेंबर, रविवार
शून्य. आजचा प्रसंग पुरवणी म्हणून जोडावा असा. एक वाजता जेवण भरवायला गेलो तर बाबांनी बेलचं बटण उचलून माझ्या हातात दिलं. आपणहून. माझ्याकडे बघत दोनदा मान हलवली. काहीतरी बोललेही, पण कळलं नाही. मला भरून आलं. सवयच परत करून टाकली. मी बटण पुन्हा त्यांच्या मुठीत ठेवलं आणि म्हटलं, असू द्या बाबा, तुमच्यावर विश्वास आहे. तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी. आनंदाश्रू, असं वहीत लिहिलंय.

२३ सप्टेंबर, सोमवार
संध्याकाळी सात. हॉस्पिटलमधून लिहितोय.
तीनच्या सुमाराला मागच्या खोलीतून धप्प आवाज आला. मी पुरवणी लिहीत होतो. बेल वाजली नव्हती. बेल वाजली नाही म्हणजे काही नाही, हेच तर तीन दिवस सिद्ध होत होतं. तांब्या पडला असेल म्हटलं. पाचला गेलो. बाबा जमिनीवर होते. तांब्या टेबलावरच होता, त्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर. बटण हातात.
खुब्याचं हाड मोडलंय.

२४ सप्टेंबर
ही सकाळीच आली, ताई दुपारी. ताईने विचारलं, तू घरात होतास, मग दोन तास खाली कसे पडून राहिले? मी म्हटलं, त्यांनी बेल वाजवली नाही. हे सत्य आहे. वहीत नोंद आहे. ताईला ते पटेना. फेस्टिंगरने लिहिलंय, माणसाचा एक समज पक्का झाला की समोर पुरावा ठेवला तरी तो समज सोडत नाही. ताईचं अगदी तसंच आहे.
नर्सने विचारलं, यांच्या डाव्या अंगठ्याला काय झालंय? नख काळंनिळं, टोकाची कातडी सोललेली. मी म्हटलं, पडताना लागलं असेल. ती म्हणाली, हे एका दिवसाचं नाही.

२७ सप्टेंबर
ऑपरेशन झालं. ताप उतरत नाही. कॉटला बेल आहे, दोरीचं बटण, बाबांच्या हाताशी. नर्स कौतुकाने म्हणाली, इतका शांत पेशंट पाहिला नाही. कालपासून एकदाही बेल नाही. सकाळी चादर पूर्ण ओली होती, कधीची कोण जाणे.
बाकावर बसून पुस्तक चाळलं. प्रकरण सात, सेलिगमन. परीक्षेला नाही म्हणून सोडलं होतं. कुत्र्यांना शॉक द्यायचे, काहीही केलं तरी थांबणार नाहीत असे. मग सुटायची वाट मोकळी करून दिली, उडी मारली की संपलं. बरीचशी कुत्री उडी मारतच नाहीत. पडून राहतात.
पुस्तक बंद केलं. बाबांना पाणी हवंय का विचारलं. छताकडे बघत राहिले. मी बटण त्यांच्या हातात देऊन म्हटलं, दाबा, दाबून तर बघा, मी इथेच आहे. बोटं मिटली नाहीत.

३० सप्टेंबर, सोमवार
बाबा गेले. सकाळी दहा वीस. डॉक्टर म्हणाले, न्यूमोनिया. ही आणि ताई आत होत्या. मी खाली औषध आणायला गेलो होतो.
अहवालाची मुदत आजच होती. तो आधीच पाठवलाय.

६ ऑक्टोबर, रविवार
सकाळी अकरा. मॅडमचा अभिप्राय येऊन पडला होता, आज उघडला. मार्क नाहीत. शून्याच्या रकान्याशी लाल अक्षरात विचारलंय, इतकी बेल वाजवणारं माणूस एका दिवसात पूर्ण थांबत नाही, बेल चालू आहे की नाही हे रोज तपासलं होतं का? खाली लिहिलंय, वडिलांकडे ताबडतोब लक्ष द्या, आणि मला फोन करा. तारीख २ ऑक्टोबर.
ही स्वयंपाकघरात होती. मी मागच्या खोलीत गेलो. गादी गुंडाळून ठेवलीय. बटण टेबलावर. दाबलं. दिवा लागला नाही. हॉलमध्ये आवाज नाही. पुन्हा दाबलं. नाही.
फ्रिजवरची यादी अजून तशीच. कलम नववं: बेलचा सेल संपत आलाय, बुधवारपर्यंत बदला. नवा ड्रॉवरमध्ये, डावीकडे. त्याखाली दोन रेघा मारलेल्या. ड्रॉवरमध्ये होता. डावीकडे.
ते दाबत होते. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी, रविवारी, सोमवारी. अंगठा सोलेपर्यंत दाबत होते. दिवा लागत नाही, हे त्यांना दिसत होतं. म्हणून बटण माझ्या हातात दिलं होतं. मी परत त्यांच्या मुठीत ठेवलं. विश्वास आहे म्हणालो.
हिला सांगायला स्वयंपाकघरात गेलो. तिला माहीत होतं. हॉस्पिटलमधून घरी आली त्या दिवशीच तिने ड्रॉवर उघडून पाहिला होता. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलून कोण उठणार होतं?

त्याच दिवशी, दुपारी बारा
नवा सेल घातला. लाल दिवा लागला. बाबांच्या कॉटच्या लोखंडी पट्ट्यांवर बसून बटण दाबलं. हॉलमध्ये टिंगटाँग. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. पुन्हा दाबलं. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज सुरू झाला.
वही उघडली. रकाने भरले.
बेल: ७. वेळ: ११.४० ते १२. कारण: विनाकारण.