निळ्या मोराच्या मुली

प्रिय ट्वायला,

मोरांनी पिसारे टाकून महिना झाला. आता ते ओरडतही नाहीत, त्यामुळे आपली आयोवातली शेतं किती शांत असतात ते मला नव्यानं कळतं आहे. जेवणाआधीची प्रार्थना मी अजून मोठ्यानं म्हणतो. समोर कुणी नाही हे लक्षात येईपर्यंत ती अर्धी झालेली असते, मग उरलेलीही तशीच म्हणून टाकतो. रविवारी चर्चनंतर रोडाआत्या नूडल्सचं भांडं घेऊन येते आणि घरभर नजर फिरवून म्हणते, "व्हर्लिन, तुझ्या कोंबड्या याहून नेटक्या राहतात रे." मी म्हणतो, "मोर आहेत ते." ती म्हणते, "शेपटी गळली की कोंबड्याच."

बातमी अशी, की आपल्या निळ्याला यंदा एक मुलगी झाली आहे आणि ती बहुतेक आपण वाट पाहत होतो तीच आहे. बहुतेक म्हणतो, कारण खात्री करायला इथे कुणी नाही.

तुला निळा आठवतो ना? जांभळ्या मोराला आपण दुधाळ चहाच्या रंगाची कॅमिओ लांडोर दिली होती. मुली सगळ्या जांभळ्या झाल्या आणि मुलगे सगळे साधे निळे, कुठल्याही रानात दिसतील तसे. आपला निळा त्यांतलाच. तू रडवेली झालीस. तेव्हा मी तुझ्या आईचा बटणांचा डबा टेबलावर उपडा केला आणि बटण म्हणजे रंग असं धरून तुला समजावलं. मोराला दोन खिसे असतात, लांडोरीला एकच, आणि तो एक खिसा बापच भरतो. म्हणून लांडोरीला हे रंग लपवताच येत नाहीत. जे खिशात, तेच अंगावर. मोर मात्र एका खिशात जांभळा, दुसऱ्यात कॅमिओ बाळगून बाहेरून निळाच्या निळा दिसू शकतो. बटणं तू निवडलीस, मी फक्त खिसे केले. आई भांडी पुसत म्हणाली, "म्हणजे लेकीचं सगळं बापाकडून? बरं झालं बाई आपण मोर नाही. नाक तरी माझं घेतलंय पोरीनं."

आपल्याला पीच, म्हणजे जांभळा आणि कॅमिओ एकत्र येऊन होणारा फिका रंग, हवा होता. तो विकत मिळत होता, पण तू हट्ट धरलास, आपल्याच अंगणात झाला पाहिजे. त्यासाठी निळ्याच्या दोन खिशांतले दोन्ही रंग एकाच मुलीच्या एकाच खिशात जायला हवेत. असं क्वचित होतं. एरवी त्याच्या मुली जांभळ्या तरी होतात नाहीतर कॅमिओ. मध्ये एका वर्षी त्याला अगदी साधी, रानातल्यासारखी मुलगी झाली. शेजारचा डेल्मर हसला. म्हणाला, "इतकी वर्षं पोसून ही? अरे, घरात जांभळा असताना हे निळं ध्यान कशाला ठेवलंयस? लिलावात दे, नाहीतर थँक्सगिव्हिंगला भाज." मी मात्र त्या दिवशी देवाचे आभार मानले. एका मुलीच्या वाट्याला दोन्हींतलं काहीच आलं नाही, म्हणजे कधीतरी एखादीच्या वाट्याला दोन्ही येणार. तुला फोन करायचं मनात होतं. पण आईच्या दफनाला आलीस, जेवायलाही न थांबता गेलीस, त्यानंतर ते पहिलंच वर्ष होतं. फोनवर आधी लांडोरीचं सांगायचं की आणखी कशाचं, ते ठरेना.

आता ही नवी. रोडाआत्या म्हणते लोण्यासारखी आहे. डेल्मर म्हणतो, "धुतलेल्या जुन्या पडद्यासारखी." त्यानं फोनवर फोटो काढून तुला पाठवायचीही तयारी दाखवली, पण फोटोत रंग खोटे येतात असं तूच म्हणायचीस. मी तिला उन्हात धरून पाहतो, सावलीत धरून पाहतो, बहिणींच्या शेजारी ठेवून पाहतो. मला त्या सगळ्या सारख्याच दिसतात, ट्वायला. आधीही दिसायच्या. तू लहान असताना पिल्लू तुझ्या ओंजळीत देऊन मी विचारायचो, "सांग पाहू, कुठला रंग?" आणि तू ऐटीत सांगायचीस. तुला वाटायचं, बाबा परीक्षा घेतात. मी खरोखरच विचारत असे. हिरवा, तपकिरी, लालसर, हे माझ्या डोळ्यांना एकच आहेत. तुझ्या आईला माहीत होतं, तीच माझे मोजे वेगळे करायची. बाहेर कुणाला सांगायची वेळ आली नाही, कारण घरात तू होतीस.

ही पीच आहे की नाही, हे तू येऊन सांगावंस असं फार वाटतं. पण तेवढ्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं, लांडोर थांबेल. परवा रोडाआत्यानं सांगितलं, की तुझ्या एमेटनं शाळेत झाडाची पानं तपकिरी आणि बुंधा हिरवा रंगवला, बाई म्हणाल्या पोराचं लक्ष नसतं, जरा मंद आहे, आणि आता तो रंगाच्या खडूंना हातच लावत नाही. तू फोनवर रडलीस म्हणे, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून. तुझं काही चुकलेलं नाही. माणसात खिसे उलटे असतात, पोरी. बाईला दोन, पुरुषाला एक. माझ्या एकुलत्या खिशात जे होतं ते तुझ्याकडे गेलंच. तुझ्या दुसऱ्या खिशात आईचं चांगलं होतं, म्हणून तुला सगळं दिसलं. त्या दोनांतलं माझं ते एमेटला मिळालं असणार. त्याचे डोळे तपासून घे आणि बाईंना स्पष्ट सांग. खडूंवरचे कागद त्याला सोलू देऊ नकोस, त्यावर रंगाचं नाव असतं. मी गावच्या शाळेत माझ्या नावाआधी 'हिरवा' वाचायला शिकलो, आणि मग कुणी हसलं नाही. त्याला घेऊन येता आलं तर ये. नाहीच जमलं, तर एवढं तरी त्याला सांग, की तो बघतो तसंच बघणारा आणखी एक माणूस आहे, आणि तो त्याचा आजोबा आहे.

तुझाच,
बाबा