ओढणीची स्टेप

बुधवार, अकोला

आज क्लासमध्ये माझी ओढणी घसरली. मी ती खांद्यावर टाकली, तर समोरच्या पोरांनीही तसाच हात खांद्यावर नेला. स्टेप समजून! हसू आलं, मग लाज वाटली. दोन महिने 'आपल्या मनानं नाचा' म्हणत मी हेच शिकवलं?

फक्त चिनू आरशाकडे पाठ करून, पंख्याकडे बघत हळूहळू फिरत होती. तिची आई दारातूनच म्हणाली, "म्याडम, काय करून रायली ही? हिले स्टेपा शिकवा, नाई तं उद्यापासून नाई पाठवत."

"पाठवा ताई, आन् तुमी पण या," मी म्हटलं.

उद्या आरशावर चादर टाकणार. चिनू फिरेल तशी तिच्या मागे मीच फिरणार, तिच्या आईसमोर. ओढणी घरी ठेवून.