ग्वाटेमालाच्या अध्यक्षाची माफी मागून

मी नानाजी धावजी डहाके, वय सदुसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे कोपरखेड, बाभुळगावजवळ, जिल्हा यवतमाळ, हे शेवटचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. अक्षर माझेच आहे. कोणी धमकावून किंवा गोड बोलून लिहून घेतलेले नाही. गोड बोलणारे माणूस आमच्या घरात नाही, हे माझी पत्नी रुखमाबाईही कबूल करील. आम्हाला मूल नाही. माझ्यामागे ती आणि माझ्या मयत भावाचा मुलगा सदाशिव, एवढेच लोक. माझे जे काही आहे ते स्वकष्टार्जित आहे.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी आणि गाय रुखमाबाईची. "काकू, एवढ्या घरात एकटी कायले राहतं?" असे विचारत कोणी आले, तर त्याला चहा न देता वाटेला लावावे.

कलम २. बैलजोडी, वखर, तिफण आणि डवरे धर्मपाल उकंडा भगत याला द्यावे. पांढऱ्या बैलाला डाव्या बाजूलाच जुंपावे, उजवीकडे तो चालत नाही. माझ्यासारखाच हेकट आहे.

कलम ३. नदीकडचे सात एकर शेत. याबद्दल शेवटी लिहितो. सदाशिव आधी तेच शोधील, त्यासाठी तरी त्याला सगळे वाचावे लागेल.

कलम ४. माळ्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे आहेत. त्यातला सन १९५४ चा गठ्ठा शाळेचे मास्तर भीमराज यांना द्यावा. बाकी चुलीत घालावे.

त्या गठ्ठ्याचे कारण सांगतो. नागपूरचे वर्तमानपत्र आमच्याकडे एक दिवस शिळे येई आणि मी ते पारावर मोठ्याने वाची. धर्मपालचा बाप उकंडा पाराखाली बसून ऐके. वर ये असे मी त्याला कधी म्हटले नाही, हेही इथे लिहून ठेवतो. त्या उन्हाळ्याच्या शेवटी ग्वाटेमाला नावाच्या देशाची बातमी रोज येत होती. तिथल्या आर्बेन्झ नावाच्या अध्यक्षाने मोठ्या मालकांची पडीत जमीन घेऊन भूमिहीनांना वाटली. एका अमेरिकन केळीवाल्या कंपनीचीही घेतली. मोबदला दिला तो कंपनीने कर भरताना स्वतःच सांगितलेल्या किमतीने. मग सरहद्दीपलीकडून बंदूकवाले आले, वरून विमाने आली, मागे अमेरिकेचा हात होता. त्याचेच फौजी अधिकारी फिरले आणि त्याने रेडिओवर राजीनामा दिला.

उकंडाने खालून विचारले, "पडीतच घेतली ना त्यानं? थेही मोबदला देऊन? मंग त्याले काहून हाकललं?"

उत्तर येत नसले की माणूस शिवी देतो. मी म्हणालो, तो भेकड होता, लढला नाही, खुर्ची सोडून पळाला. पुढे बातमी आली की देश सोडताना विमानतळावर फोटोवाल्यांसमोर त्याचे कपडे उतरवून झडती घेतली, आणि वाटलेली जमीन पुन्हा मालकांकडे गेली. तेव्हाही मी तेच म्हणालो.

कलम ५. मोठ्या पेटीत नऊ कोरे दुपट्टे आहेत. ते रुखमाबाईने गोधडीला वापरावेत. घडी अजून मोडलेली नाही, कारण पुढीलप्रमाणे.

सन १९५७ साली मी सरपंच झालो. गावची अडतीस एकर पडीत यवतमाळच्या कापसाच्या जिनवाल्या एका शेठने तारेचे कुंपण घालून अडवली होती. ती गावातल्या नऊ भूमिहीन घरांना द्यावी, असा ठराव मी केला. ही घरे आदल्याच वर्षी बौद्ध झाली होती. वरून मंजुरी आली आणि होळीनंतर आठ दिवसांनी जमिनीचे नऊ पट्टे माझ्या हातात पडले.

ते त्याच दिवशी वाटले असते तर हे कलम लिहावे लागले नसते. पण आमच्याकडे द्यायचे ते अखजीला द्यायचे. अक्षय्य तृतीयेला दिलेले कधी सरत नाही, ही बापजाद्यांची समजूत. शिवाय मला मांडव हवा होता, तहसीलदार हवे होते, नऊ जणांच्या खांद्यावर माझ्या हाताने दुपट्टे टाकायचे होते. पारावर बसून ब्राह्मणाच्या पंचांगाला हसणारा मी, पण मानपानाचा दिवस आला की पंचांग काढणाराही मीच. त्या नऊ घरांतला धर्मपाल माझ्या घरी आला होता. त्याचे म्हणणे, अखजी आता आमची राहिली नाही, आम्हाला आजचाच दिवस चांगला. मी त्याला म्हटले, सहा आठवड्यांनी काय आभाळ कोसळते?

तेवढ्या दिवसांत शेठची जीप गावात चार वेळा आली. पंचांना बकऱ्याचे जेवण झाले. अखजीला चार दिवस उरले असताना माझ्यावर अविश्वासाचा ठराव आला. सात पंचांपैकी पाच हात वर गेले. पाचवा हात सदाशिवचा होता आणि मनगटावर नवे घड्याळ होते. नव्या पंचायतीने ती जमीन चराईला लागते असे लिहून पाठवले. पट्टे रद्द झाले. ते मी स्वतः एसटीने जाऊन परत देऊन आलो, कारकुनाकडून पोच घेतली आणि घरी येऊन जेवलो. उकंडा तीन वर्षांनी वारला. त्याने मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरे वाटले असते.

सबब ग्वाटेमालाच्या अध्यक्षाला मी भर पारावर भेकड म्हटले होते ते शब्द परत घेतो. त्याने निदान कागद वेळेवर वाटले होते. मास्तरांनी हे पारावर वाचून दाखवावे, आणि ऐकणाऱ्यांना वर बसवावे.

कलम ६. पुतण्या सदाशिव याला सरपंचाची लाकडी खुर्ची द्यावी. ती मी माझ्या खर्चाने करवली होती, पंचायतीची नाही. तो आज सरपंच होऊन तिच्यावरच बसतो, तेव्हा उचलून न्यायचीही तसदी नाही. माझा त्याच्यावर राग आहे. लहानपणी त्याला खांद्यावर बसवून बाभुळगावच्या बाजारात नेत असे, म्हणून जास्त आहे.

कलम ७. आता शेत. हे सात एकर त्या नऊ घरांना सामाईक द्यावे, असे मी मागच्या दिवाळीत या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात लिहिले होते. मोठ्या हौसेने तो नऊ घरांना वाचून दाखवला. उकंडाची बायको तुळसाबाई तेवढी बोलली.

"नानाजीभाऊ, आता काय आमी तुमच्या मरनाची वाट पाहत बसाव? असं पाप आमच्या माथी नोका मारू. देनं असन त जितेपनी द्या."

मी रागावून घरी आलो. रुखमाबाईला सांगितले, तर ती म्हणाली, "तिचं काय चुकलं? तुमाले पुन्हा एक अखजीच पायजे." दोन दिवस मी शेतातच जेवलो. तिसऱ्या दिवशी मसुदा फाडला आणि शेत जितेपणीच देण्यासाठी तहसीलची परवानगी मागायला गेलो. परवानगीला सहा महिने लागले. ती काल मिळाली.

आज सकाळी धर्मपालला घेऊन यवतमाळला गेलो. एसटीत शेजारच्याने आठवण दिली की आज अमावस्या आहे, उद्या जा. मी म्हटले, तिकीट काढले आहे. रजिस्ट्रार कचेरीत नऊ घरांच्या नावे बक्षीसपत्र नोंदवले. मांडव नव्हता, दुपट्टे पेटीतच राहिले. धर्मपालने कागद दोनदा वाचला, घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि विचारले की वखरणी उद्याच सुरू केली तर चालेल का. मी म्हटले, मला कायले विचारतो? शेत तुमचे आहे.

तरी सदाशिवने या मृत्युपत्राविरुद्ध कोर्टात खुशाल जावे. त्याला त्यात खुर्ची सापडेल. शेत माझे नाही, म्हणून ते यात नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांदेखत सही केली.

सही: नानाजी धावजी डहाके

साक्षीदार:
१. देवसिंग राठोड, राहणार तांडा, कोपरखेड
२. भीमराज खोब्रागडे, मास्तर, प्राथमिक शाळा, कोपरखेड

मुक्काम कोपरखेड, बुधवार, तारीख १० जून १९६४, अमावस्या