आठ तुटले, दोन उरले

निइगाता, ९ जानेवारी १९५४

चि. तामोत्सु यास हात्सुएताईचे आशीर्वाद.

देवराईतली झाडं गावप्रमुखानं परस्पर विकली, हे तू कचेरीत कळवलंस आणि गावानं आपलं घर वाळीत टाकलं, असं आईच्या चिठ्ठीतून समजलं. तुझी जीभ लहानपणापासूनच लांब! माझी धाकटी लेक विचारते, 'मुराहाचिबु' म्हणजे काय? मला तरी कुठे नीट ठाऊक! आईला विचारून कळव. तिच्या खोकल्याची फार काळजी वाटते.

लोभात अंतर पडू देऊ नकोस.
हात्सुए

२० जानेवारी

ति. ताईस सा. न. वि. वि.

आई अंथरुणात बसून बोटांवर मोजून सांगते आहे. मुरा म्हणजे गाव, हाचिबु म्हणजे आठ वाटे. गावाशी संबंध दहा. त्यातले आठ तोडायचे: वयात येणं, लग्न, बाळंतपण, आजारपण, घरबांधणी, पूर, प्रवास, वर्षश्राद्ध. दोन ठेवायचे, आग आणि मयत. तेही दयेपोटी नव्हे, आग शेजारी पसरते आणि मढं कुजतं म्हणून. जुनी माणसं मोठी हुशार, असं म्हणून ती हसली आणि पुन्हा खोकली.

तिची जन्माची मैत्रीण तोमेकाकू हल्ली पाणवठ्यावर तोंड फिरवते. कालपासून आईच्या थुंकीत रक्त दिसतं. बर्फ छातीएवढं आहे. डॉक्टरकडे न्यायला घसरगाडी ओढणारी चार माणसं तरी हवीत. उद्या दारोदार विचारतो.

आशीर्वाद असू द्यावा.
तामोत्सु

२ फेब्रुवारी

ति. ताईस सा. न. वि. वि.

तार मिळालीच असेल. गाड्या बंद होत्या, तू मनाला लावून घेऊ नकोस.

तीन दिवस हिंडलो. कुणी दार उघडलं नाही. आजारपण आठांतलं ना! एकटाच वाट उकरत होतो, रात्रीत ती पुन्हा भरायची. चौथ्या सकाळी आई गेली. मयत कळवलं, तर दुपारपर्यंत बावीस माणसं दारात, भाताची हंडी घेऊन. रस्त्यापर्यंतची वाट त्यांनी तासाभरात मोकळी केली. गावप्रमुखानंही फावडं धरलं. त्याचं थोबाड फोडावंसं वाटत होतं, पण रीतीप्रमाणे वाकलो.

तोमेकाकूनं आईला आंघोळ घातली. मग रडत मला म्हणाली की मेल्या, तुझी अक्कल कुठे गेली होती? गवताची गंजी का नाही पेटवलीस? आग दोनांतली, सगळं गाव धावलं असतं. तीन दिवस मी तुझ्या घराकडे डोळे लावून बसले होते, कधी धूर दिसतो म्हणून.

ताई, काडेपेटी माझ्या खिशातच होती. मला सुचलंच नाही गं.

आज पुन्हा कुणी बोलत नाही. तुझी माया तेवढी राहू दे.
तामोत्सु